परवान्यावरचा आवाज

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बगीच्यात या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारायची, तर घशाच्या शिरा ताठतात. जानराव काळमेघांच्या घरी हे काम धाकट्या मंजुषाकडे असायचं, कारण तिला ओरडावं लागत नसे. धुऱ्यावर उभी राहून ती साध्या सुरात "बाबा, जेवाले चाला" म्हणायची, आणि ते शब्द झाडांमधून वाट काढत नेमके बापापाशी पोचायचे. "पोरीचा आवाज पाटाच्या पान्यावानी जाते," जानराव संत्र्याच्या व्यापाऱ्यांना कौतुकानं सांगायचे.

त्या आवाजावरच तिचं पुढचं आयुष्य उभं राहिलं. वक्तृत्वाच्या ढाली जिंकत ती अमरावतीला शिकायला आली, शिकली आणि राजापेठेकडच्या मुलींच्या शाळेत मराठीची बाई झाली. वीज मंडळात सबस्टेशनवर काम करणाऱ्या चंद्रभान इंगोल्यांशी लग्न झालं, आचल झाली. घरात ती वऱ्हाडी बोलायची, वर्गाचा उंबरठा ओलांडला की प्रमाण मराठी. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलीसुद्धा बाई कविता वाचायला लागल्या की मान वर करत. गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन असलं की इंगोले बाईंना बोलावणं ठरलेलं.

असाच एक कार्यक्रम पुण्यात होता, शिक्षकांच्या अधिवेशनाचा. तिथं एका सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसानं तिला ऐकलं. मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम ती कंपनी बनवत होती. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी, बँकांसाठी, बसच्या सूचनांसाठी. त्यांना एक आवाज हवा होता. मे महिन्याच्या सुट्टीत मंजुषाबाई पुण्याला गेल्या आणि एका बंद, काचेच्या खोलीत बसून रोज वाचत राहिल्या. वाक्यंही विचित्र असत. "झाकणाखालच्या दुधाला मांजरीने तोंड लावले." "उद्या धारणीकडून येणारी गाडी उशिरा सुटेल." अर्थाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. मराठीतला प्रत्येक ध्वनी दुसऱ्या प्रत्येक ध्वनीला कसा चिकटतो, तेवढं यंत्राला हवं होतं. मग तो प्रोग्राम त्या ध्वनींचे तुकडे करणार होता आणि लागतील तसे जोडून, बाईंनी आयुष्यात कधी न उच्चारलेली वाक्यं त्यांच्याच आवाजात बोलणार होता.

शेवटच्या दिवशी करारावर सह्या झाल्या. बाईंना इंग्रजी येत होतं, पण कागदावरचं इंग्रजी वेगळंच होतं. एकेक वाक्य अर्धं पान चालायचं. कंपनीतली मुलगी गोड होती. ती म्हणाली, "मॅडम, आवाज तुमचाच राहणार. आम्ही फक्त रेकॉर्डिंग घेतोय." ते खरं होतं. पुरतं खरं नव्हतं, एवढंच. बाईंनी सही केली, ठरलेलं मानधन घेतलं आणि आचलसाठी ड्रेस घेऊन घरी आल्या. कंपनीनं त्या आवाजाचं नाव 'गौरी' ठेवलं.

गौरी लवकरच सगळीकडे झाली. बँकेत गौरी नंबर पुकारायची, फोनवर गौरी "कृपया थोडा वेळ थांबा" म्हणायची. चंद्रभान घरी येऊन सांगत, "आज ऑफिसात बी तूच होती. अन् तिथं मले थांब म्हने, अन् मी थांबलो बी." बाई हसायच्या. शाळेत मुली मुद्दाम त्यांना 'गौरी मॅडम' म्हणायच्या. आपला आवाज आपल्याशिवाय हिंडतो आहे याचं त्यांना तेव्हा नवल वाटायचं, आणि खरं तर थोडा अभिमानही.

एकदा स्थानिक पेपरात त्यांच्यावर चार ओळी छापून आल्या. त्यानंतर अकोल्याहून एक फोन आला.

"गौरी मॅडम हायेत का?"

"मी मंजुषा इंगोले. गौरी म्हणजे..."

"समजलं मले. तोच आवाज हाय." पलीकडचा माणूस म्हणाला. "मी शालिकराम बोचरे. सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर हावो. दिसत नाई मले. तुमी रोज मले पेपर वाचून दाखवता, बाई. माह्या पोराचा निकाल बी तुमीच सांगितला होता. म्हटलं, एकदा तरी खरं ऐकून घ्यावं."

त्या दिवसापासून शालिकराम दिवाळीला न चुकता फोन करत.

आजार आला तो सर्दीसारखा आला. घसा बसला, तो सुटेना. शिक्षकाचा घसा बसायचाच, म्हणून बाईंनी हळदीचं दूध, ज्येष्ठमध, गुळण्या असं सगळं केलं. आवाज खरखरीत होत गेला. आधी कविता वाचणं सुटलं, मग फळ्यावर लिहून शिकवणं सुरू झालं. तपासणी झाली तेव्हा गाठ स्वरयंत्रात पसरलेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आचल म्हणाली, "आई, काहीतरी बोल. मी रेकॉर्ड करते." बाईंनी तोंड उघडलं. आली ती नुसती घरघर. आचलनं फोन खाली ठेवला. जपून ठेवावं असं काही तेव्हाच उरलं नव्हतं.

बाई वाचल्या. गळ्याशी श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर त्या सुती रुमाल बांधू लागल्या. बोलता यावं म्हणून डॉक्टरांनी एक छोटी झडप बसवून पाहिली, पण तिथली जागा सतत पिकायची, म्हणून ती काढावी लागली. गळ्याला लावायचं एक यंत्र होतं. ते लावलं की शब्द भुंग्यासारखे गुणगुणत बाहेर पडत. बाईंनी ते एकदा लावलं आणि डब्यात ठेवून दिलं. आता त्या फोनवर लिहीत आणि फोन ते वाचून दाखवी. फोनमधली बाई परकी होती, हिंदी वळणाची. 'मले' हा शब्द तिला मुळीच झेपत नसे. चंद्रभानशी बोलायचं तर मधे ही तिसरीच बाई. हळूहळू बाईंनी लिहिणंही कमी केलं. खुणा पुरत होत्या. भाजी, पाणी, औषध, दार लावा.

आचल पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. आईच्या आजारपणात ती घरून काम करू लागली होती. एका दुपारी भाजी निवडता निवडता बाई थबकल्या. त्यांनी फोन ओढून घेतला आणि लिहिलं, 'गौरी.'

"काय गौरी?" आचलनं विचारलं, आणि पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. आईचा आवाज तर होता. सबंध, धडधाकट, आजाराच्या कितीतरी आधीचा. फोनमध्ये टाकायचा अवकाश होता.

तिनं त्याच दिवशी कंपनीला ईमेल पाठवला. जुनी कंपनी राहिली नव्हती, तिला दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतलं होतं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. शेवटी अद्वैत नावाच्या एका इंजिनियरचा फोन आला. बाई लिहीत होत्या, आणि फोनमधली परकी बाई त्यांच्या वतीनं बोलत होती.

"मी मंजुषा इंगोले. गौरीचा आवाज माझा आहे."

मग अद्वैत म्हणाला, "मॅडम, मी कामाला लागलो तेव्हा पहिलं वर्ष तुमचाच आवाज ऐकत होतो. काय बोलावं कळत नाहीये मला."

"मला तो हवा आहे. माझ्या फोनपुरता."

"तुम्हाला खोटं सांगणार नाही. आवाज तुमचाच आहे. पण ते रेकॉर्डिंग, त्याचे केलेले तुकडे आणि ते जोडणारा प्रोग्राम हे सगळं करारानं कंपनीचं आहे. जुन्या कंपनीकडून ते आमच्याकडे आलं. आणि आम्ही गौरी बंद केलीय. तिचे नवे परवाने निघतच नाहीत आता."

"एक परवाना काढा."

"मी वरपर्यंत विचारलं, मॅडम. वकील म्हणतात, बंद केलेल्या वस्तूचा परवाना एकाला दिला की तिची जबाबदारी पुन्हा आपल्यावर येते. नवा आवाज आहे आमच्याकडे, तो तुम्हाला सवलतीत..."

बाईंची बोटं चालू लागली. परकी बाई हवामानाचा अंदाज सांगावा तशा सुरात म्हणाली, "म्हणजे माझा आवाज आहे. चांगला आहे. तुमच्याकडे ठेवलेला आहे. आणि मला मिळणार नाही."

"हो," अद्वैत म्हणाला.

चंद्रभान हे सगळं ऐकत होते. फोन बंद झाल्यावर ते आचलवर उखडले. "हे कोन्या गावचं इमान हाय? लोकाइनं पैसे देऊन घेतलं ना ते सॉफ्टवेअर? मंग ते त्याइचं झालं. त्याइच्याकडून घेऊ आपन."

"त्यांचंही होत नाही ना, बाबा," आचल म्हणाली. "पुस्तक घेतलं की ते आपलं होते. वाचा, कोणाले द्या, रद्दीत घाला. सॉफ्टवेअर असं कोणी विकतच नाही. आपण पैसे देतो ते वापरायच्या परवानगीचे. किती कॉम्प्युटरवर, किती वर्षं, कोणी वापरायचं, हे देणारा ठरवते. आत काय आहे ते उघडून पाहायचं नाही, बदलायचं नाही, पुढं कोणाले द्यायचं नाही. अन् देणाऱ्यानं दुकान बंद केलं, तर आपल्याजवळ काहीच राहत नाही."

"अन् जिनं आवाज दिला तिच्याजवळ?"

आचल आईकडे वळली. हळूच म्हणाली, "कुलूप तोडणारे भेटतात, आई. तुझाच आवाज आहे. याले चोरी कोण म्हणन?"

आठवडाभर बाई विचारात होत्या. मोह झाला नाही असं नव्हे. स्वयंपाक करताना, आंघोळ करताना ओठ हलवून त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवायच्या. गौरी मिळाली तर पहिल्यांदा काय म्हणायचं. मग एका सकाळी त्यांनी आचलला लिहून दाखवलं, 'मी सही केली होती. न वाचता केली, पण केली. मुलींना जन्मभर सांगत आले, सही करण्याआधी वाचा. आता कुलूप तोडून घेतला, तर तो आवाज माझ्या तोंडी चोरासारखा येईल.'

त्याच सुमारास शालिकरामांना बाईंची हकिगत कळली. दिवाळीच्या फोनला आचलनं उत्तर दिलं होतं. ते पुढच्या रविवारी अकोल्याहून गाडीनं अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरले आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन, काठी टेकत टेकत दारात हजर झाले. बसले, पाणी प्याले. बाई बोलत नाहीत हे माहीत होतं, तरी त्या समोरच बसल्या आहेत हे त्यांना उमगायला वेळ लागला. ते आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवण्याची वाट पाहत होते आणि आवाज येत नव्हता.

"बाई, माह्याजवळ गौरीची रीतसर घेतलेली प्रत हाय," ते शेवटी म्हणाले. "तीन कॉम्प्युटरवर टाकाची परवानगी होती. दोन वापरून झाल्या. एक बाकी हाय. ते तुमी घ्या."

त्यांनी लॅपटॉप उघडला. "लिहा. काही बी लिहा, ते बोलन."

बाईंची बोटं कळांवर थांबली. मग त्यांनी लिहिलं, आणि खोलीत गौरी बोलली. गौरी कसली, चाळिशीच्या आतली मंजुषा. "अहो, चहा घेता का?"

चंद्रभान दाराशी उभे होते. ते मागल्या अंगणात गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धूत राहिले. आचल खिडकीकडे तोंड करून बसली. शालिकराम मात्र ओळखीचं माणूस भेटावं तसे हसले. "पाहा. आता आल्या बाई."

बाईंनी आणखी एकदा तेच वाक्य ऐकलं. मग लॅपटॉप मिटून त्यांच्या हातात दिला. आपल्या फोनवर लिहिलं, आणि परकी बाई बोलली, "तुमचा कॉम्प्युटर बंद पडला तर?"

"पाहू तेव्हाचं तेव्हा."

"नाही. मला डोळे आहेत. तुम्हाला ही प्रत शेवटची आहे."

शालिकरामांनी खूप आग्रह केला. बाई बधल्या नाहीत. निघताना शालिकरामांनी दुसरीच एक गोष्ट काढली. काही तरुण मंडळी मिळून मराठीचा एक मोकळा आवाज बनवत होती. कोणीही फुकट घ्यावा, कितीही यंत्रांवर टाकावा, चूक सापडली तर उघडून दुरुस्त करावी, पुढं द्यावा. अट एवढीच, की ज्यानं सुधारला त्यानंही तो तसाच मोकळा ठेवायचा आणि ज्याचा आवाज आहे त्याचं नाव पुसायचं नाही. "त्याइले वाचनारी पाहिजे," ते म्हणाले. "आचलबाई बोलतात तवा आईचं वळन हाय जिभेले."

आचलनं लायसन्सचा मजकूर मागवून घेतला. या वेळी आईनं तो शब्द न् शब्द वाचला, अडलं तिथं मुलीला विचारलं. वाचून झाल्यावर आचल म्हणाली, "मले भीती वाटते, आई. कोणीही म्हणजे कोणीही. उद्या कोणी माझ्या आवाजात म्हाताऱ्या माणसाले फोन करून फसवलं तर? शिव्या दिल्या तर? यातली एकही ओळ त्याले अडवत नाही."

शालिकराम फोनवर होते. त्यांनीही खोटी समजूत घातली नाही. "होऊ शकते तसं. कायदा हाय, पन लायसन अडवत नाई."

सगळ्यांना वाटलं, आता बाई मुलीला गळ घालतील. बाईंनी लिहिलं, 'माझ्या वेळी मला कोणी थांब म्हणालं नाही. तू थांब. नाही म्हणालीस तरी मला राग नाही.' आणि विषय तिथंच मिटला.

हिवाळा गेला. फेब्रुवारीत शालिकरामांचा लॅपटॉप एकाएकी बंद पडला, पुन्हा सुरूच झाला नाही. मुलानं नवा आणला, जपून ठेवलेली प्रत त्यावर टाकली. ती सुरू व्हायला कंपनीच्या सर्व्हरची होकाराची खूण लागायची. सर्व्हर बंद केलेला होता. परवानगी शिल्लक होती, देणारा जागेवर नव्हता. फोनमधला परका आवाज घरी चालायचा, पण ऑफिसच्या कामाच्या प्रोग्रामशी त्याचं जमेना. रजेचा अर्ज करायला शालिकरामांना शेजारच्या टेबलावरच्या माणसाची विनवणी करावी लागली. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. "बाई, तुमी घेतली असती तरी एक दिवस अशीच बंद पडली असती. बरं झालं, नाई घेतली."

आचलनं ते ऐकलं. फोन ठेवल्यावर तिनं लायसन्सचा मजकूर पुन्हा उघडला. मग म्हणाली, "सही कुठं करायची ते विचार त्याइले."

रेकॉर्डिंग एप्रिलात सुरू झालं. मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीवर गोधड्या टांगल्या. कूलर घरघरतो आणि पंखा कुरकुरतो, म्हणून दोन्ही बंद. अमरावतीचा उन्हाळा, त्यात बंद खोली. पहाटेच काय ते काम व्हायचं. आचल माइकसमोर बसायची, आई समोरच्या स्टुलावर. तिचा तळवा खाली गेला की सूर उतरवायचा, बोट गोल फिरलं की पुन्हा. कधी कधी ते बोट फिरतच राहायचं.

"तू बोलायचीस तसं मले नाही जमत!" एकदा आचल रडकुंडीला येऊन म्हणाली.

आईनं पाटीवर लिहिलं, 'माझ्यासारखं नको. तुझंच बोल. फक्त शब्दाचा शेवट गिळू नको.'

बाईंनी एक हट्ट मात्र धरला. प्रमाण मराठीच्या वाक्यांबरोबर वऱ्हाडी वाक्यंही वाचायची. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी हे लिहिलेलं पाहून आचल चकितच झाली. बाईंनी ती वाक्यं स्वतः लिहिली. "काहून रुसून राहिली?" "त्याले म्हना, घरी ये." ती वाचताना आचलचा गळा आपोआप सैल व्हायचा, आणि बोट एकदाही फिरायचं नाही.

आवाज तयार व्हायला वर्ष लागलं. तो फोनमध्ये आला त्या दिवशी बाईंनी काहीतरी साधंच लिहिलं. भाजी संपली, बाजारात जा, असं. आवाज तरुण होता, जरा घाईचा, मधेच अडखळणारा. तो त्यांचा नव्हता. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, आणि आपण कशाची वाट पाहत होतो ते त्यांना त्या क्षणी नीट कळलं. ते आता येणार नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी गळ्याच्या रुमालानं टिपलं. चंद्रभान शेजारी बसले.

"आचलच वाटते," ते म्हणाले. मग जरा ऐकून, "पन मंधात कुठं कुठं तुह्यासारखं होते. 'बाजारात' म्हटलं ना, तवा."

शालिकरामांच्या ऑफिसात तो आवाज सुरू झाला. त्यांना गौरीची सवय होती. ही पोरगी घाई करते, अशी त्यांनी तक्रार केली आणि मग तिचा वेग स्वतःच कमी करून घेतला. गौरीच्या वेळी तशी सोय नव्हती. अकोल्याच्या बऱ्याच जणांनी तो नेला. कोण कोण नेतं, ते आता कुणाला विचारावं लागत नव्हतं.

या वर्षी बार्शीटाकळीच्या कॉलेजातल्या पौर्णिमा नावाच्या मुलीचा निरोप आला. तिला दिसत नाही, ती या आवाजावर अभ्यास करते. तिनं कळवलं होतं, "मॅडम, हे मशीन 'चमचा'ला 'च्यमच्या' म्हणते. 'जवळ'ला बी 'ज्यवळ'. माह्या मैत्रिणी हासतात." मराठीतला च असो, ज असो की झ, लिहायला एक, बोलायला दोन. कुठं दाताशी आणि कुठं टाळूशी, ते यंत्राला आपोआप कळत नाही. कोणीतरी एकेक शब्द सांगावा लागतो.

मंजुषाबाईंनी आचलकडून ते कसं सांगायचं ते शिकून घेतलं. आता दुपारची जेवणं झाली की त्या चष्मा लावून संगणकापुढं बसतात. शब्द लिहायचा, त्याचा खरा उच्चार नोंदवायचा, ऐकायचा. चुकला तर पुन्हा. परवा त्या 'झाड'वर अडल्या होत्या. यंत्र काही केल्या 'झ्याड'च म्हणत होतं. खूप खटपटीनंतर ते एकदाचं 'झाड' म्हणालं, नीट, दाताशी जीभ लावून. बाईंनी मान डोलावली, अकोल्याला आणि बार्शीटाकळीला पोचवायची सुधारणा जतन केली आणि 'झोप' लिहायला घेतलं.